टाकीत मिश्रण झाले की संयुग? ओतण्यापूर्वी ठरवा

हंगाम सुरू झाला की वाचकांचे तेच प्रश्न पुन्हा येतात. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१ एकाच टाकीतून सोडले तर चालेल का? मिश्र खत घ्यावे की संयुक्त? काल बनवलेले बोर्डो मिश्रण आज मारले तर काय बिघडते? प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण गाठ एकच आहे. दोन पदार्थ एकत्र आल्यावर ते आपापले राहिले, की त्यांचे तिसरेच काही झाले? शाळेत मिश्रण आणि संयुगाचा धडा सगळ्यांनी पाठ केलेला असतो, मात्र शेतातल्या टाकीजवळ तो आठवत नाही. म्हणून तो धडा या लेखात टाकीजवळच मांडला आहे.

निर्णयापुरते रसायनशास्त्र

युरिया पाण्यात विरघळला की दिसेनासा होतो, तरी तो युरियाच असतो. पाणी उडून गेले तर तळाशी पुन्हा युरियाच सापडेल. हे मिश्रण झाले. मिश्रणात प्रत्येक घटक आपले गुण राखून असतो आणि प्रमाण तुमच्या हातात असते. शंभर लिटर पाण्यात एक किलो टाका किंवा पाच किलो, दोन्ही मिश्रणेच.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो उकळतो, फुटतो, त्याचे पीठ होते. हा विरलेला चुना उन्हात वाळवला तरी कळीचा चुना परत मिळत नाही. पाणी आणि चुना यांचे नवे संयुग तयार झालेले असते. संयुगात घटकांचे प्रमाण ठरलेले असते, ते कुणाला वाढवता किंवा घटवता येत नाही, आणि त्याचे गुण मूळ पदार्थांपेक्षा वेगळे असतात.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते:

- थंड-गरम होण्यावर विसंबू नका. युरिया विरघळताना बादली गार पडते, तरीही नवा पदार्थ तयार झालेला नसतो.
- तळाशी बसले म्हणजे बिघडलेच, असे नाही. पाण्यात मिसळणारी भुकटी ढवळणे थांबले की खाली बसते आणि ढवळल्यावर पुन्हा वर येते. ते निलंबन आहे, म्हणजे मिश्रणाचाच एक प्रकार. ढवळूनही आणि आणखी पाणी घालूनही जो साका विरघळत नाही, तिथे मात्र बहुधा नवे संयुग तयार झालेले असते. आधी साफ विरघळलेली दोन द्रावणे एकत्र आल्यावर असा साका पडला, तर शंकेला जागाच नाही.

गोणीवरचे आकडे कसे वाचावेत

खताच्या ग्रेडमधले काही आकडे कारखान्याने ठरवलेले असतात, काही मात्र निसर्गानेच ठरवून दिलेले आहेत. हा फरक ओळखता आला तर दुकानात उभे राहूनच पुष्कळ गोष्टी कळतात.

युरिया हे संयुग आहे. अगदी शुद्ध युरियातही नत्र ४६.६ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून गोणीवर ४६ टक्के लिहिलेले असते. ‘आमच्या युरियात पन्नास टक्के नत्र आहे’ असे कोणी सांगितले, तर प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही, ते अशक्य आहे. १२:६१:०० म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. हे विचित्र वाटणारे आकडे त्या त्या संयुगाच्या घडणीतूनच येतात. म्हणूनच कोणत्याही कंपनीची पिशवी घेतली तरी ते सारखे असतात.

१९:१९:१९ ची गोष्ट वेगळी. निसर्गात असे एखादे संयुग नाही. युरिया, फॉस्फेट आणि पालाशचे क्षार मोजून एकत्र केले की हा आकडा जुळतो. २०:२०:२० सुद्धा असेच जुळवता येते. त्यामुळे अशा खतात ‘मिसळले काय आहे’ हा प्रश्न विचारण्यासारखा असतो. नत्र कोणत्या रूपात आहे, पालाश क्लोराइडमधून आला की सल्फेट-नायट्रेटमधून, हे पिशवीवर वाचा. क्लोराइड न मानवणाऱ्या पिकाला हा तपशील महाग पडू शकतो.

डीएपी मधेच येतो. नाव संयुगाचे, पण गोणीतला माल पूर्ण शुद्ध नसतो. शुद्ध संयुगात नत्र २१ टक्क्यांच्या आसपास निघाले असते, बाजारातली ग्रेड १८:४६ आहे. सिंगल सुपर फॉस्फेट तर अभिक्रियेतून बनते आणि तरीही मिश्रणच ठरते. खनिज फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकले की विद्राव्य फॉस्फेट आणि जिप्सम ही दोन संयुगे तयार होतात, आणि दोन्ही त्याच दाण्यात राहतात.

मिश्र की संयुक्त?

‘संयुक्त’ या नावामुळे ते खत म्हणजे रासायनिक संयुग, असा समज होतो. तसे नाही. १०:२६:२६ सारख्या संयुक्त खताच्या एका दाण्यातही अनेक संयुगे एकत्र नांदतात. खरा फरक दाण्याचा आहे. संयुक्त खताच्या प्रत्येक दाण्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असतात. वेगवेगळी दाणेदार खते नुसती एकत्र करून बनवलेल्या मिश्र खतात मात्र एक दाणा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा असू शकतो. ट्रकमध्ये हादरे बसून बारीक दाणे खाली आणि मोठे वर जमतात.

माझे मत विचाराल तर पेरणीयंत्रातून किंवा ओळीतून खत द्यायचे असेल तेव्हा संयुक्त खत घ्या, कारण तिथे प्रत्येक फुटाला सारखा पुरवठा लागतो. मिश्र खत स्वस्त पडत असेल आणि तुम्ही ते विस्कटून देणार असाल, तर गोणी ताडपत्रीवर पूर्ण रिकामी करा आणि खोऱ्याने दोन-तीन वेळा उलथून मगच वापरा. अर्धी गोणी आज आणि अर्धी पुढच्या महिन्यात, असे मिश्र खताच्या बाबतीत करू नका.

भेसळ पकडता येते, कारण ती मिश्रण असते

भेसळ करणारा नवे संयुग बनवत नाही, तो स्वस्त माल मिसळतो. मिसळलेला माल आपले गुण सोडत नाही, म्हणून तो सापडतो. पुढच्या चाचण्या उघड्यावर, जुन्या पत्र्यावर करा. स्वयंपाकाचा तवा वापरू नका आणि वाफ नाकात जाऊ देऊ नका.

1. युरिया: पाण्यात स्वच्छ विरघळतो आणि पाणी गार करतो. तापलेल्या पत्र्यावर वितळतो, आच वाढवली की मागे काही उरत नाही. पांढरा साका राहिला तर शंका घ्या.
2. डीएपी: काही दाणे तळहातावर चुन्याबरोबर चोळा. अमोनियाचा झणझणीत वास आला पाहिजे. मंद आचेवर दाणे फुगतात. डीएपीच्या नावाखाली खपवले जाणारे सुपर फॉस्फेटचे दाणे फुगत नाहीत.
3. झिंक सल्फेट: त्यात मॅग्नेशियम सल्फेट मिसळण्याचे प्रकार होतात, दोन्ही दिसायला सारखेच. डीएपीच्या द्रावणात झिंक सल्फेटचे द्रावण घातले की दाट साका पडतो, मॅग्नेशियम सल्फेटने तसा पडत नाही.

या चाचण्या संशयापुरत्या आहेत. पुरावा म्हणून प्रयोगशाळेचा अहवालच लागतो.

टाकीत कोणाला एकत्र आणू नये

ठिबकमधून खते सोडणाऱ्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. विद्राव्य म्हणून महागात घेतलेले खत टाकीतच अविद्राव्य बनते. अन्नद्रव्य मुळांपर्यंत पोहोचत नाही, आणि साका ड्रीपरच्या तोंडात बसतो तो वेगळाच.

- कॅल्शियम नायट्रेट आणि कोणतेही फॉस्फेट (१२:६१:००, ००:५२:३४, फॉस्फरिक आम्ल, १९:१९:१९): पांढरे कॅल्शियम फॉस्फेट तयार होते.
- कॅल्शियम नायट्रेट आणि कोणतेही सल्फेट (००:००:५०, मॅग्नेशियम सल्फेट, अमोनियम सल्फेट): जिप्सम तयार होते.
- झिंक सल्फेट आणि फॉस्फेट: वर सांगितलेला दाट साका इथे टाकीत पडतो. भेसळ ओळखायला कामाला आलेली अभिक्रिया इथे जस्त आणि स्फुरद दोन्ही वाया घालवते.
- चुना किंवा राख आणि अमोनियमयुक्त खते: अमोनिया वायूरूपाने उडून जातो. वास आला म्हणजे तुमचे नत्र हवेत चालले आहे.
- चुना आणि सुपर फॉस्फेट: विद्राव्य स्फुरद पुन्हा अविद्राव्य होते.

कॅल्शियम नायट्रेट युरिया किंवा १३:००:४५ बरोबर चालते. बाकीच्यांसाठी दोन टाक्या ठेवा. एकीत कॅल्शियम, दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेट. दोन्ही टाक्यांतले घट्ट द्रावण एकाच वेळी लाइनमध्ये सोडू नका. वेगवेगळ्या दिवशी द्या, निदान मध्ये साधे पाणी चालवून लॅटरल धुऊन घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वतःच मिश्रण असते. पाणी जड असेल तर त्यात कॅल्शियम आधीपासूनच विरघळलेले असते. अशा पाण्यात नुसते १२:६१ टाकले तरी ते गढूळ होऊ शकते, आणि शेतकरी खताला दोष देतो. फेरस सल्फेट अशा पाण्यात तांबूस होऊन बसते. लोह चिलेट रूपात देण्याची शिफारस होते ती यासाठीच. पाण्याचा सामू आणि जडपणा एकदा तपासून घ्या. त्या अहवालाइतका उपयोगी कागद ठिबकवाल्याकडे दुसरा नसेल.

बाटली चाचणी

1. पारदर्शक काचेची किंवा प्लास्टिकची बाटली घ्या आणि तुमच्याच विहिरीचे पाणी भरा. पिण्याचे फिल्टरचे पाणी घेतले तर चाचणी फसवी ठरेल.
2. टाकीत जे प्रमाण ठेवणार आहात त्याच प्रमाणात पदार्थ एकेक करून घाला. आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा घालू नका.
3. झाकण सैल ठेवा. वायू सुटला तर घट्ट बंद बाटली फुटू शकते.
4. अर्धा तास थांबा. दुधाळपणा, साका, जेलीसारखा गोळा, बुडबुडे, वास किंवा बाटली तापणे, यातले काही दिसले तर ती जोडी टाकीत नको.
5. साका दिसला तर आणखी पाणी घालून हलवा. तो विरघळला तर द्रावण फार घट्ट झाले होते, इतकेच. विरघळला नाही तर एकत्र देण्याचा बेत सोडा.

या चाचणीची मर्यादाही नीट समजून घ्या. बाटली स्वच्छ राहिली म्हणजे काही घडले नाही, असा तिचा अर्थ होत नाही. मॅलेथिऑन, कॅप्टन यांसारखी औषधे अल्कधर्मी पाण्यात विघटित होतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. फवारणी होते, परिणाम मात्र दिसत नाही. म्हणून कीडनाशकांच्या बाबतीत बाटलीपेक्षा लेबल आणि माहितीपत्रक मोठे माना. ज्या जोडीची शिफारस लेबलवर किंवा कृषी विद्यापीठाकडून नाही, ती करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव घेतला. औषधांच्या बाबतीत ‘करून बघू’ म्हणायची सोय नाही.

बोर्डो: नाव मिश्रण, काम संयुगाचे

फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षावरच्या केवड्यासाठी मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा, विदर्भातली संत्री, कोकण-गोव्यातली सुपारी या सगळ्यांना तो लागतो. मोरचूद आणि चुना एकत्र आल्यावर तांब्याची नवी, पाण्यात जवळजवळ न विरघळणारी संयुगे आणि जिप्सम तयार होते. ही संयुगे पानाला चिकटून राहतात आणि त्यांतून तांबे थोडे थोडे सुटते. विरघळलेले मोरचूद तसेच फवारले तर पान करपते. म्हणजे इथे आपल्याला अभिक्रिया हवीच आहे, आणि ती पूर्ण व्हायला हवी.

एक टक्का द्रावणाची नेहमीची पद्धत अशी:

1. एक किलो मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ५० लिटर पाण्यात पृष्ठभागाजवळ लटकवा. जड द्रावण खाली उतरत राहते आणि मोरचूद लवकर विरघळते. तळाशी टाकले तर ढवळत बसावे लागते.
2. एक किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा. थंड झाल्यावर ५० लिटर करा आणि कापडाने गाळा.
3. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि सतत ढवळा. आकाशी रंग येतो.
4. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडाची घ्या. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे चालत नाही, मोरचुदातले तांबे त्यावर बसते.

आता चाचणी, जी बरेच जण घाईत टाळतात. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा किंवा चाकू मिनिटभर द्रावणात बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला आणि थर येईनासा होईपर्यंत पुन्हा तपासा. निळा लिटमस कागद लाल होत असेल तरीही हाच उपाय.

ठरलेले वजन घेऊनही तांबे का उरते? दोष बहुधा चुन्यात असतो. उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते. वजन एक किलो भरते, पण त्यातला कामाचा चुना कमी झालेला असतो. ताजा, ढेकळातला, वजनाला हलका चुना घ्या. भुगा झालेला जुना चुना घेऊ नका.

बनवलेले द्रावण त्याच दिवशी संपवा. ठेवले तर कण मोठे होतात, खाली बसतात आणि पानाला नीट धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी ढवळून रंग तसाच दिसतो, म्हणून ते चांगले आहे असे समजू नका. त्यात दुसरे कीडनाशकही मिसळू नका. संत्रा-मोसंबीच्या बुंध्यासाठी पेस्ट करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण धरा. द्राक्षावर पिकाच्या अवस्थेनुसार प्रमाण बदलते, कोवळ्या फुटीवर एक टक्का मारण्याआधी तज्ज्ञांना विचारा.

जिवावर बेतणारी जोडी

ठिबक साफ करायला आम्ल वापरतात, शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट. ही दोन्ही कधीही एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एका बादलीतून दुसऱ्या कामाला जाताना उरलेले थेंबही पुरतात. दोन्ही प्रक्रिया वेगळ्या दिवशी करा आणि मध्ये लाइन साध्या पाण्याने धुवा. ब्लीच आणि अमोनियमयुक्त खते एकत्र आली तरी विषारी वायू तयार होतात.

आम्ल पाण्यात ओतायचे, आम्लावर पाणी कधीच नाही. घसा आवळला, डोळे चुरचुरले तर काम टाकून वाऱ्याच्या उलट दिशेला, उंच जागी जा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात आणि बंद पंपघरात साठतो. मग थेट दवाखाना गाठा, ‘बरे वाटेल’ म्हणून थांबू नका.

माल घेताना तुमचे हक्क

- खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर खताचे नाव, ग्रेड आणि वजन लिहून घ्या. ‘कच्ची’ चिठ्ठी घेऊ नका.
- गोणीवर ग्रेड, वजन, उत्पादक आणि किंमत छापलेली असते. शिवण उसवून पुन्हा घातलेली वाटली तर गोणी नाकारा.
- दर्जाबद्दल शंका असेल तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खत निरीक्षकाला दुकानातून नमुना घेऊन तपासणीस पाठवण्याचा अधिकार आहे. शक्य असेल तर तुमच्याकडची एक गोणी न फोडता ठेवा.
- किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या दोन्ही ठिकाणी विचारता येते.
- नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

अशा प्रकरणांत पहिला वाद एकाच मुद्द्यावर होतो: माल मुळात खराब होता, की तुम्ही काही मिसळल्यामुळे बिघडला? त्यासाठी टाकीत काय, किती आणि कोणत्या क्रमाने घातले हे तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि पिशव्यांची लेबले टाकून देऊ नका. बाटली चाचणीचा फोटो काढा. दुकानदाराने ‘हे दोन्ही एकत्र चालते’ असे तोंडी सांगितले, तर ते वाक्य त्याच्याकडून पावतीच्या मागे सहीनिशी लिहून मागा. तो लिहून देत नसेल तर ती जोडी टाकीत घालू नका.